बाराच प्रती काढणारे मास्तर

अख्ख्या नाशकात मला पुरून उरलेला माणूस एकच, आणि तो आहे एक रिटायर झालेला चित्रकलेचा मास्तर. माझा भंगाराचा धंदा आहे. सातपूरच्या कारखान्यांतून निघालेलं तांबं, पितळ, जस्त, जळालेल्या मोटारी, गंजलेल्या मशिनी, सगळं मी उचलतो. कंपन्यांचे परचेस ऑफिसर, लिलावात दम देणारे दलाल, ट्रक अडवून बसणारे युनियनवाले, असल्या नगांशी घासाघीस करून मी इथपर्यंत आलो आहे. तीस वर्षांत मला कोणी फसवलं नाही आणि मी फसलो नाही. या एका माणसाने मात्र मला असं गाठलं की अजून हिशोब लागत नाही. त्यांच्यावर माझा राग आहे, आणि हे लिहून झाल्यावरही तो राहणार आहे. पेपरात त्यांच्या चित्रांबद्दल चांगलं छापून आलं की त्या दिवशी माझा चहा कडू लागतो.

पंच्याण्णव साल असावं. मास्तर सायकल मारत कॉलेज रोडवरून सातपूरला माझ्या दुकानात आले. अंगात खादीचा सदरा, पायात रबरी चपला, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळे. मला वाटलं कुठल्या तरी गॅरेजमधला फिटर. म्हणाले, “जस्ताचा पत्रा हवा. वहीएवढे चार तुकडे. पण ओरखडा नको.” भंगाराच्या दुकानात येऊन ओरखडा नको म्हणणारं गिऱ्हाईक मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. ते पत्र्यांच्या ढिगात मांडी घालून बसले. एकेक तुकडा तोंडाजवळ न्यायचा, त्यावर हा करून वाफ सोडायची, सदऱ्याच्या टोकाने पुसायचं आणि उन्हात तिरका धरून पाहायचं. लग्नाला आलेल्या मुलीला कोणी एवढं निरखत नाही. दोन तासांनी चार तुकडे निघाले. मी भाव सांगितला, तोही आमच्या रिवाजाप्रमाणे दुप्पट. गिऱ्हाईक निम्म्याला मागतं, मी डोक्याला हात लावतो, ते उठून जातं, मी परत बोलावतो, आणि शेवटी दोघंही आपणच जिंकलो असं समजून घरी जातो. मास्तरांनी खिशातून पैसे काढले आणि मी सांगितले तेवढे गल्ल्यावर ठेवले. मला कानफटात बसल्यासारखं झालं.

“अहो, काहीतरी बोला की!” मी म्हणालो.

“काय बोलू?”

“कमी करा म्हणा.”

“का? तुम्ही चुकीचा भाव सांगितला का?”

मी चिडून निम्मे पैसे परत त्यांच्यासमोर आपटले. ते घेईनात. “शेठ, घडीत एक आणि घडीत दुसरं सांगणाऱ्या माणसाकडून पत्रा घ्यायची मला भीती वाटेल,” असं म्हणून सायकलला पत्रे बांधून निघून गेले. पुढच्या खेपेला मी पहिलाच भाव खरा सांगितला. माझ्या धंद्यातला तो पहिला आणि शेवटचा खरा भाव. तेव्हापासून ते माझं कायमचं गिऱ्हाईक झाले, आणि माझ्या डोक्याला कायमचा ताप.

ते जस्ताचं काय करतात हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. एकदा त्या बाजूला माल उचलायला गेलो होतो म्हणून त्यांच्या घरी डोकावलो. मागच्या पडवीत कारखानाच होता. पत्र्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा, सुईने त्यावर चित्र काढायचं, मग पत्रा ॲसिडच्या ताटात बुडवायचा. सुई जिथे फिरली तिथे ॲसिड जस्त खातं आणि बारीक चर पडतात. त्या चरांत शाई भरायची, वरची शाई पुसून काढायची, ओला कागद ठेवायचा आणि दोन जड रुळांमधून दाबून काढायचा. याला एचिंग म्हणतात म्हणे. मी म्हणालो, “मास्तर, हा तर उसाचा चरक आहे.” ते म्हणाले, “रूळ हलके पडतात, म्हणून चित्र फिकं येतं.” एवढंच. मागितलं काहीच नाही. पण मी मूर्ख. महिनाभराने एका बंद पडलेल्या युनिटातून दोन देखणे पोलादी रूळ माझ्याकडे आले, ते मी स्वतः टेम्पोत घालून त्यांच्या पडवीत पोहोचवले. त्या रुळांतूनच पुढे त्यांचं नाव झालं, हे पेपरवाल्यांनी कधी छापलं नाही.

त्या पडवीत त्यांच्या बायकोचं, म्हणजे वहिनींचं, काय राज्य असेल ते तुम्हीच समजा. वहिनींच्या प्रत्येक साडीला ॲसिडची बारीक बारीक भोकं. “ह्यांनी मला चाळणी करून ठेवलंय, भाऊ,” असं त्या हसत सांगायच्या. ॲसिडमधला पत्रा बुडबुडे सोडतो, ते पिसाने हळूच बाजूला सारावे लागतात. कबुतराचं पीस मास्तरांना चालत नसे, कोंबडीचं तर घरात आणू देत नसत. गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी जाऊन बगळे कधी पिसं टाकतात याची वाट पाहत बसायचे. शाई पुसायला त्यांना जुनं, खूप धुतलेलं, विरत आलेलं धोतर लागे. नवं कापड दिलं तर तोंड वाकडं करायचे. लग्नाकार्यात दोन काळे हात जोडून नमस्कार करायचे, तेव्हा वहिनी मान फिरवून घ्यायच्या.

आणि एवढा खटाटोप कशासाठी? देव नाही, राजे नाहीत, डोंगर नाही, सूर्यास्त नाही. घराजवळच्या सरकारी बागेत रिकामी बसलेली माणसं, हा त्यांचा एकमेव विषय. तिसरी पाळी संपवून सातपूरहून आलेले कामगार डब्याची पिशवी उशाला घेऊन हिरवळीवर झोपत, ते त्यांनी काढले. पहाटेपासून फुलं विकून दमलेल्या मळ्यातल्या बायका पारावर एकमेकींच्या वेण्या घालत, त्या काढल्या. मेंडीकोट खेळणारे पेन्शनर, सकाळी उगाचच गोल करून हा हा हा हसणारी मंडळी, एकाच कुल्फीवर तासभर काढणारं जोडपं, सगळी काढली. मास्तर स्वतः बागेत कधी बसत नसत. झाडाआड उभं राहून छोट्या वहीत टिपत. त्यामुळे जोडपी त्यांना कोणाच्या तरी घरच्यांनी पाठवलेला माणूस समजायची, आणि भेळवाला गाड्या उचलणारा महापालिकेचा अतिक्रमणवाला समजायचा. त्याने एकदा घाबरून फुकट भेळ पुढे केली. मास्तरांनी आधी कागदाच्या पुड्याचं चित्र काढलं, मग भेळ खाल्ली, मग पैसे दिले. भेळवाला मला सांगत होता, “शेठ, पैसे दिले तवा तर मी लयच घाबरलो.”

मी त्यांना एकदा विचारलं, “मास्तर, काम करणारी माणसं काढा की. या रिकामटेकड्यांत काय आहे?” ते म्हणाले, “काम करताना माणूस मालकाचा असतो, शेठ. बसल्यावर स्वतःचा दिसतो.” मी हसलो. मी आयुष्यात बसलेला नाही.

त्यांचा सगळ्यात मोठा वेडेपणा पुढेच आहे. एका पत्र्यावरून ते बाराच प्रती काढत. खाली पेन्सिलीने एक ते बारा क्रमांक घालत. बारावी निघाली की सुई आणि पट्टी घेऊन त्या पत्र्यावर या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत खोल फुली मारत, म्हणजे पुन्हा प्रत निघायलाच नको. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, वा मास्तर, तुम्हीही दुकानदारच निघालात! ‘शेवटचे दोनच नग राहिले’ हे मेनरोडवरचा प्रत्येक कापडवाला सांगतो, आणि तरी गाठोड्यातून तिसरा निघतो. माल असलेला माणूस स्वतःच्या हाताने माल मारतो, यावर माझ्यासारखा माणूस कसा विश्वास ठेवणार? मी ठेवला नाही. तिथेच मी मेलो.

आता आबांबद्दल सांगतो. आबा म्हणजे माझे वडील. नामपूरच्या कांदा मार्केटला त्यांनी उभा जन्म हमाली केली. पहाटे गोणी खांद्यावर, अंधार पडल्यावर खाली. घरी आले तरी उंबऱ्यात उभ्याने भाकरी खायचे, जणू कोणी हाक मारणार आहे. माझा धंदा बसला, बंगला झाला, तेव्हा मी त्यांना नाशकाला आणलं. त्यांना स्वतंत्र खोली दिली, टीव्ही दिला, गादी दिली. ते गादीच्या कडेला उकिडवे बसायचे. मग एक दिवस शेजाऱ्यांबरोबर त्या बागेत गेले आणि तिथले झाले. दुपारी जेवून जायचे, ते दिवेलागणीला परत. मी विचारलं, “आबा, तिथं काय करता एवढा वेळ?” तर म्हणाले, “काहीच नही, भाऊ. तठे बठं का बरं वाटस.” तिथे नुसतं बसलं की बरं वाटतं, म्हणे. आणि एकदा म्हणाले, “एक मास्तर येस. चांगला मानूस शे. काही इचारत नही.” मास्तरांना शाई पुसायला जुनं धोतर हवं आहे असं कळल्यावर आबांनी आपलं एक नेऊन दिलं. मला न विचारता. मी नवा जोड देत होतो, तर मास्तरांना तो नको होता, हे मी वर सांगितलंच.

साधारण दोन वर्षांनी मी पत्रे द्यायला पडवीत गेलो, तर दोरीवर चिमट्याने लावून एक प्रत वाळत होती. चित्रात बाकावर आबा. चपला खाली नीट जोडून ठेवलेल्या, एक पाय बाकावर मुडपून घेतलेला, मान जराशी मागे, एक खांदा खाली उतरलेला, दोन्ही तळवे मांडीवर उताणे. काहीही करत नव्हते. माझ्या बापाला असा बसलेला मी पाहिलाच नव्हता. घरात त्यांचे तीन फोटो आहेत, तिन्हींत ते उभे आहेत, आणि डोळे असे वटारलेले की चोरी करताना सापडलेत. इथे मात्र ते बसले होते. माझ्या छातीत काहीतरी झालं. आणि छातीत काही झालं तर तोंडावर दिसू द्यायचं नाही, हे मी धंद्यात पहिलं शिकलो आहे.

मी म्हणालो, “आबा जरा काळे आलेत.”

मास्तर म्हणाले, “हो, शाई जास्त राहिली.”

“केवढ्याला देणार?”

त्यांनी भाव सांगितला. मी निम्म्याला मागितलं. मी वर म्हणालो, “रूळ कोणी आणून दिले, तेही जरा लक्षात घ्या.” ते हळू आवाजात म्हणाले, “मग राहू द्या, शेठ.” मी उठलो. आमच्यात उठून जाण्याचा अर्थ ‘मला बोलवा’ असा असतो. त्यांनी बोलावलं नाही. मी फाटकापर्यंत मुद्दाम रेंगाळत गेलो, चपलेत खडा गेला म्हणून थांबलो. बोलावलं नाही. मी म्हटलं, ठीक आहे. थांबू. शेवटचा नग नेहमी स्वस्त सुटतो.

घरी आबांना सांगितलं की तुमचं चित्र काढलंय. ते म्हणाले, “फोटो कसाले? मी शे ना आठे.” मी इथे असताना फोटो कशाला, म्हणे.

पुढच्या थंडीत आबा गेले. बाराव्याचा मांडव उतरला आणि मी तसाच मास्तरांकडे गेलो. या वेळी घासाघीस करायची नाही, म्हणतील तो भाव, असं ठरवून गेलो होतो. एवढी शरणागती मी कधी पत्करली नव्हती. मास्तरांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. बारावी प्रत दोन महिन्यांपूर्वी मुंबईच्या प्रदर्शनात गेली होती. मी म्हणालो, “तेरावी काढा.” ते आत गेले आणि पत्रा घेऊन आले. आबांच्या अंगावरून, कोपऱ्यातून कोपऱ्यात, फुली. खरोखर मारली होती हो.

मग मी जे बोललो ते अख्ख्या गल्लीने ऐकलं. माझ्या बापावर काट मारली म्हणालो, रूळ उचलून नेतो म्हणालो, आणखीही बरंच. वहिनी मध्ये पडल्या. “अहो भाऊ, एक प्रत हे तुमच्यासाठीच बाजूला ठेवणार होते. तुम्ही भाव केलात, तेव्हा ह्यांना वाटलं तुम्हाला नकोच आहे.”

“भाव केला म्हणजे नको आहे?” मी ओरडलो. “ज्याला नको असतं तो भाव करत नाही, वहिनी! तो नुसता पुढे जातो!”

मास्तर गोंधळून म्हणाले, “ज्याला हवं असतं तो कमी कसं म्हणेल?”

तिथे आम्ही दोघं उभे होतो, आणि दोघांनाही दुसरा काय बोलतोय ते कळत नव्हतं. मग ते म्हणाले, “या पत्र्यावरूनच एक काढून देतो. फुलीसकट येईल.” मी म्हणालो, “फुली मारलेला बाप तुमच्याकडेच ठेवा,” आणि तो पत्रा मात्र त्यांच्या हातातून हिसकावून घेतला. जस्त माझं होतं. दुकानात आलो आणि जस्ताच्या ढिगावर फेकून दिला. आठवड्याने ढीग ट्रकमध्ये भरला आणि भट्टीला गेला. मी थांबवू शकलो असतो. रागात माणसाला आपणच बरोबर वाटतो.

त्यानंतर आठ वर्षं मी त्या घराची पायरी चढलो नाही. पण बारांपैकी एक प्रत मी हुडकून काढली. कॉलेज रोडला एक दातांची डॉक्टरीण आहे, तिच्या दवाखान्यात बाहेर बसायच्या जागी आबा भिंतीवर आहेत. मी विकत मागितली. ती नाही म्हणाली. दुप्पट म्हणालो, तिप्पट म्हणालो. ती म्हणाली, “काका, ठणका घेऊन आलेली माणसं त्या आजोबांकडे बघत शांत बसतात. नाही विकायचं.” ते माझे वडील आहेत हे मी तिला सांगितलेलं नाही. गरज दाखवली की भाव चढतो. त्यामुळे आता मी दर दोन महिन्यांनी दात साफ करून घ्यायला जातो. नंबर लावतो, समोरच्या खुर्चीत बसतो. माझ्याइतके चकचकीत दात असलेला भंगारवाला तुम्हाला जिल्ह्यात सापडणार नाही.

गेल्या वर्षी तिथेच मास्तर आले. गाल सुजलेला, डोळ्यांवर जाड भिंगं. बागेचं सुशोभीकरण झालं, बाकांना मध्ये लोखंडी दांडे बसवले, कोणाला आडवं होता येत नाही, आणि मास्तरांचंही काम थांबलं, असं कानावर होतं. दुसरी खुर्ची रिकामी नव्हती म्हणून ते माझ्याशेजारी बसले. बऱ्याच वेळाने, भिंतीकडे पाहत, सुजलेल्या तोंडाने ते म्हणाले, “हे चित्र माझं चुकलेलं आहे.”

“काय चुकलंय?” आठ वर्षांनंतर माझा पहिला शब्द, आणि तोही आबांची बाजू घेऊन.

“खांदा. पत्र्यावर काढतो ते कागदावर उलटं उमटतं. डाव्याचं उजवं होतं. एरवी मी पर्वा करत नाही. पण आबांचा गोणीचा खांदा उजवा. तोच उतरला होता. इथे बघा, डावा उतरलाय. बारा घरांत चुकीचा माणूस लटकतोय. पत्र्यावर तेवढा बरोबर होता.”

पत्र्यावर बरोबर होता. मग आबांना आठवायला लागलो. मार्केटमधून येणारे, गोणी घेऊन फळीवर चढणारे, उंबऱ्यात उभे. गोणी कुठल्या खांद्यावर? मी त्यांच्या पोटचा पोरगा, त्याच खांद्यावर लहानपणी बसलेला, आणि मला सांगता येईना. डोळ्यांपुढे एकदा उजव्यावर ठेवून पाहिली, एकदा डाव्यावर. दोन्हीकडे आबा तितकेच वाकलेले दिसत होते.

माझा नंबर पुकारला. मी मास्तरांना म्हणालो, “तुम्ही जा. मला काही घाई नाही.” ते गेले. पाऊण तासाने दाढ काढून बाहेर आले, तोंडात कापसाचा बोळा. मी त्यांना दाराशी गाठलं. राग तसाच होता, हे सांगून ठेवतो.

“मास्तर, उजवा नक्की?”

त्यांना बोलता येत नव्हतं. त्यांनी हात उचलून माझ्या उजव्या खांद्यावर ठेवला आणि खाली दाबला, गोणीचं वजन येईल एवढा. मग हात काढला आणि जिना उतरून गेले. मी परत खुर्चीत येऊन बसलो, आणि तो खांदा बराच वेळ तसाच खाली ठेवला.